कुंपणावरचे मोजे

थंडीतल्या रविवारी आम्ही दोघं दीड वर्षाच्या लेकाला घेऊन कल्याणच्या काळ्या तलावावर फिरायला जायचो. फिरणं कसलं, तो मोजे भिरकावणार आणि मी शोधणार. तिथली झाडूवाली बाई सापडलेला प्रत्येक मोजा झटकून कुंपणाच्या जाळीला अडकवून ठेवायची.

एकदा आमचा मोजा तिनेच काढून दिला. मग खराटा माझ्या पायांकडे करत म्हणाली, "ताई, सगळ्या आया पोराचेच पाय बघतात. स्वतःचे बघा जरा."

माझ्या एका पायात निळी चप्पल होती, दुसऱ्यात तपकिरी.

घरापासून शेजारी चालत आलेल्या नवऱ्याला ते दिसलं नव्हतं. आणि मलाही.