वाटून खाणारा मुलगा

ती बाई काउंटरवर येऊन उभी राहिली ती सकाळ अजून जशीच्या तशी आठवते. दोन हजारच्या दशकातली गोष्ट. इंग्लंडात ब्रिस्टलच्या एका पोलीस स्टेशनात मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. कँटीनचा कडक चहा, जबाब नोंदवायच्या कॅसेटी आणि अख्ख्या स्टेशनात मराठी कळणारा मी एकटा. छान दिवस होते ते.

बाई डॉक्टर, हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून थेट आलेल्या. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझा मुलगा हेरॉइन घेतो. तेवीस वर्षांचा आहे. तुम्ही आपले आहात. घरी या आणि त्याला सज्जड दम भरा. दोन दिवस आत बसवलंत तरी चालेल."

पुण्यात चौकीवरचा हवालदार पोराला दम देऊन घरी पाठवतो, तसंच इथे होईल अशी त्यांची समजूत. इथे जबाबावर एकदा सही झाली की पुढचं माझ्या हातात राहत नाही. हे त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सकाळी सकाळी मराठी ऐकून मी खुशीत होतो आणि केस आयती चालून आली होती.

"एकटाच घेतो का?" मी विचारलं.

"छे हो, एकट्याने खायची सवयच नाही त्याला. लहानपणापासून तसंच वाढवलंय. चकलीचा डबा असो नाहीतर ही मेली पावडर, आधी मित्रांना देणार. मनाने फार चांगला आहे, साहेब."

मी ते इंग्रजीत उतरवलं. त्यांनी वाचून सही केली. मित्राला फुकट दिलेली चिमूटही कायद्याने पुरवठाच, आणि हेरॉइनच्या पुरवठ्याला बहुतेक तुरुंगच. नुसतं स्वतःपुरतं असतं तर कोर्टाने उपचारांवर भागवलं असतं.

झडतीत दोन पुड्या आणि जळलेला फॉइल सापडला. मुलाला आणलं तेव्हा कस्टडीत बसणारी, व्यसनी पोरांना उपचारांकडे वळवणारी ड्रग वर्कर माझ्या मागेच लागली. "सार्जंट, याला आत टाकून काय मिळणार? आधी मला बोलू द्या, मी उपचारांची सोय बघते." मी म्हटलं, "तू तुझं काम कर, मला माझं करू दे."

चौकशीत तो वकिलाशेजारी बसून प्रत्येक प्रश्नाला 'नो कॉमेंट' म्हणत राहिला. कॅसेट संपत आली तेव्हा मी आईचा जबाब त्याच्यासमोर ठेवला. त्याने खालची सही बघितली. मग मोडक्या मराठीत म्हणाला, "आई खोटा नाही बोलत. मी दिला. दोघांना." वकिलाने कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर इन्स्पेक्टरनी माझी पाठ थोपटली आणि चहा पाजला.

दोन वर्षांची शिक्षा झाली. बाई कोर्टात चकलीचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. निकालानंतर मला विचारलं, "हा आत देता येईल का?" मी नाही म्हटलं. त्यांनी तो पुन्हा पिशवीत ठेवला.

मुलगा सुटल्यानंतरच्या गणपतीत त्या भेटल्या. तोंड फिरवतील असं वाटलं होतं, पण त्यांनीच माझ्या हातावर प्रसाद ठेवला. मी विचारलं, "कसा आहे?"

"पावडर काही सुटली नाही, साहेब. आत तर उलट सहज मिळायची म्हणे." मग म्हणाल्या, "पण आता कुणाला काही देत नाही. ताट घेऊन खोलीत जातो आणि दार लावून जेवतो. मलासुद्धा बसू देत नाही."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत असं पोर आणलं की मी आधी ड्रग वर्करला बोलवायचो, कॅसेट नंतर लावायचो. सहकारी चिडवायचे, म्हातारा मऊ पडला म्हणून. पडलो असेन. जुने दिवस आठवले की बरं वाटतं, पण त्या डब्याशी येऊन अडतो. त्या मुलातली वाईट सवय आम्हाला काढता आली नाही. चांगली होती, तेवढी मात्र बरोबर काढली.