थट्टेत विकलेली गाडी

वासेमाधाच्या शिव्या ऐकायला माणसं लांबून येत. खोटं नाही. नाकोरोवाऊत कुणी म्हातारंकोतारं गेलं, की किनाऱ्यावरचे वाईसोमोकर मयताला यायचे. ते चढावर दिसले रे दिसले, की रडणाऱ्या बायासुद्धा डोळे पुसून वासेकडे बघायच्या. वासे चुलीपुढून उठायची, कमरेवर हात ठेवायची आणि सुरू व्हायची.

"आली! किनाऱ्याला लागल्याली घाण आली! भांडी झाका गं, कोंबड्या मोजून घ्या!"

"गप ए दालोच्या कंदाच्या साली!" तिकडून उत्तर यायचं. "तुझं त्वांड चुकवायलाच तुझा नवरा मेला!"

आणि मयताच्या घरात हशा पिकायचा.

डोंगरातलं नाकोरोवाऊ आणि किनाऱ्यावरचं वाईसोमो ही तौवू गावं. दोघांचा मूळदेव एक. म्हणून एकमेकांना वाटेल ते बोलावं, एकमेकांचं वाटेल ते उचलून न्यावं, डुक्कर न्यावं, चटई न्यावी, आणि रागवायचं मात्र कुणी नाही. रागावला तो हरला. सख्ख्या भावाशी तर इथं बाई मान वर करून बोलत नाही. पण तौवूच्या टकलावर टपली मारायला तिला देवानंच परवानगी दिलेली. वासेचं सगळं बोलणं, सगळं मोकळं हसणं, त्या एका नात्यात साठलेलं होतं.

नवरा सावेनाधा उभा जन्म उसाच्या ट्रकवर राबला आणि पेन्शन हातात यायच्या आत गेला. त्याच्या फंडाचे पैसे वासेनं दोन वर्षं हात न लावता ठेवले. ती जवळच्या वाईलेकाच्या बसस्टँडवर जेवण विकायची: नारळाच्या रसातली मासळी, उकडलेला कसावा, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. हात चांगला होता. डोंगरापलीकडच्या शाळेच्या मोठ्या बाई एकदा तिच्याकडे जेवल्या आणि म्हणाल्या, "आमच्या पोरांचं दुपारचं जेवण तू देशील का? रोज, वेळेवर. पण वेळ चुकून चालायचं न्हाई हां, पोरं उपाशी बसतात."

त्या वेळेला डोंगरापलीकडे ना बस जाई, ना माणसं वाहणारा ट्रक. म्हणजे गाडी हवी. आणि गाडी म्हटल्यावर वासेच्या डोळ्यांपुढं एकच माणूस आला: नावीतालाई. वाईसोमोचा, पक्का तौवू. वाईलेकाबाहेर रस्त्याला लागून त्याचं आवार होतं. जपानातून आलेल्या जुन्या गाड्या तो तिथं धुऊनपुसून ओळीनं उभ्या करायचा.

"काय गं डोंगरातल्या घुशी," तिला बघताच तालाई ओरडला, "पैसं कुणाचं चोरलंस?"

"तुझ्या बानं पुरून ठेवलं हुतं, ते घावलं. गाडी दाव, खेकड्या."

गाडी निळी होती. ना धड मोटार, ना धड जीप; मोटारीला उंच टाचेच्या चपला घातल्यासारखी. पण पातेली मागं बसत होती आणि खडकाळ रस्त्याला पोट लागणार नव्हतं. किल्ली फिरवली की आतून एक जपानी बाई गोड आवाजात काहीतरी सांगायची. वासेला ती बाई फार आवडली.

शेडमध्ये तालाईचे तिघे सोबती यांगोना पीत, त्या मुळीच्या गुंगी आणणाऱ्या पेयाच्या पातेल्याभोवती बसले होते. तालाईनं त्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला. "घेऊ नको गं! कचरा हाय. गिअरबॉक्स मेलाय. पयल्या डोंगराला धापा टाकंल, दुसऱ्याला बसकण मारंल, तुझ्यासारखी!"

"मग तुझ्या आईला मागं बशिवते. ती ढकलंल."

तिघे मांड्या बडवून हसले.

"पाण्याचा पंप गळतोय!"

"तुझं नाक गळतंय ते पूस आदी."

"मागचं चाक रडतंय बघ, कसं रडतंय!"

"तुझ्या बायकूला बघून कुणीबी रडंल."

हसता हसता एकाच्या हातातली यांगोनाची करवंटी सांडली. वासेनं सपाट रस्त्यावर एक फेरी मारली. गाडी लोण्यासारखी गेली. ज्याला फसवायचं असतं तो गाडीची तारीफ करतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. परक्या व्यापाऱ्यानं तारीफ केली असती तर तिनं गाडीखाली वाकून बघितलं असतं. इथं तर तौवू शिव्या घालत होता. तौवू जितक्या जास्त शिव्या घालतो तितका चांगला वाटा तुझ्या पानात टाकतो, हे ती आईच्या कडेवरून शिकली होती. तिनं अकरा हजार डॉलर दिले. तालाईनं वर मोठा मासा पानात गुंडाळून दिला आणि म्हणाला, "हे तुझं त्वांड बंद करायला."

पावती तिनं मागितली नाही. तौवूकडं कोण पावती मागतं?

पहिले दोन आठवडे असे गेले, की वासे स्टेअरिंगमागं बसून गाणी म्हणायची. पोरं शाळेच्या फाटकाशी उभी राहून निळ्या गाडीची वाट बघायची. मोठ्या बाईंनी पुढच्या सत्राचंही कबूल केलं.

तिसऱ्या आठवड्यात पहिल्या चढाला गाडीनं अंग झाडलं. भिजलेलं कुत्रं झाडतं तसं. वासे म्हणाली, "काय गं, थंडी वाजली काय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी भर चढावर इंजिन किंचाळायला लागलं, पाय खाली दाबावा तसं जास्त किंचाळायचं, आणि चाकं काही फिरेनात. करपलेल्या तेलाचा वास आत आला. गाडी मागं घसरायला लागली तेव्हा वासेनं हातब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागं धोंडा लावला आणि रस्त्याच्या कडेला बसली. मागं सत्तर पोरांचं जेवण निवत होतं. जपानी बाई आतून गोड आवाजात काहीतरी सांगत होती.

उसाचा ट्रॅक्टर आला, त्यानं गाडी उलट ओढून वाईलेकाला नेली. जेवण त्या दिवशी पोचलं नाही.

रामसमुझच्या गॅरेजमध्ये गाडी वर चढली. रामसमुझ मोजकं बोलणारा माणूस. त्यानं गिअरबॉक्सचं तेल एका डब्यात काढलं, बोटांत चोळलं, वासेपुढं धरलं. काळं, वर चमचम.

"ही चमक लोखंडाची. आतला पट्टा सोलून निघालाय. वरनं कुणीतरी घट्ट औषध वतलंय, चार दिस गप ऱ्हावं म्हणून."

"किती लागंल?"

"नवा मागवला तर आठ हजाराच्या वर. भंगारातला बसवला तर मजुरी धरून साडेतीन. त्योबी किती दिस चालंल, देव जाणे. पाण्याचा पंपबी बदलाय पायजे, गळतोय. आन मागल्या चाकाचं बेअरिंग. वरडतंय ते."

वासे खाली बघत होती. एकदम तिनं मान वर केली. गिअरबॉक्स. पंप. मागचं चाक. हा क्रम तिनं कुठंतरी ऐकला होता. ऐकला होता आणि पोट धरून हसली होती.

"समुझभाई," ती हळू म्हणाली, "तुमी ही गाडी आदी बगितलीया?"

रामसमुझनं फडक्याला हात पुसले. लागतो त्यापेक्षा जास्त वेळ पुसले. "दोन म्हैन्यामागं. तालाईच घेऊन आल्ता. म्या त्याला सांगितलं, ह्यातून पैसं निघायचं न्हाईत, सुटे भाग करून इक."

"आन मला का न्हाई सांगितलंत?"

"बाई, तू मला इचारलंस कधी? तौवूकडनं घेतेस म्हणल्यावर मी मधी पडणारा कोण?"

त्याचंही बरोबर होतं. वासेला तर कुणालाच विचारायची गरज वाटली नव्हती.

ती तशीच चालत तालाईच्या आवाराकडं गेली. तिघे तिथंच होते. तालाईनं लांबूनच हाळी दिली. "आली का म्हातारी घोरपड! गाडी कुठं टाकलीस?"

"तालाई, तुला ठावं हुतं."

"काय?"

"गिअरबॉक्स. पंप. चाक. समुझभाईनं तुला सांगितलं हुतं."

"मग म्या तुला न्हाई सांगितलं?" तालाई सोबत्यांकडं वळला. "ए, सांगा रे! सांगितलं का न्हाई? तीनदा सांगितलं, वरडून सांगितलं, घेऊ नको म्हणलं!"

एक जण हसला. बाकीचे दोघे यांगोनाच्या पातेल्यात काही पडलंय का ते बघत बसले.

"थट्टेत सांगितलंस."

"मग तौवूला आन कसं सांगत्यात? अगं बया! रागावली काय ही? बघा रं, नाकोरोवाऊ रागावलं! वाईसोमो जितलं!" तो टाळ्या वाजवायला लागला. मग जवळ आला, हात पसरून म्हणाला, "बरं, उचल. काय पायजे ते उचल. हक्क हाय तुझा. टायर ने, ती छत्री ने, मी हूं का चूं करायचा न्हाई."

शेडच्या कडेला तालाईचा स्वतःचा लाल ट्रक उभा होता. आत किल्ली लटकत होती. वासे तिकडं गेली. दारावर हात ठेवला. तालाईचं हसू जरा पातळ झालं. हक्क होता तिचा; नेला असता तर अख्ख्या मुलखात कुणी तिला चोर म्हणालं नसतं. हसत हसत न्यायचा, एवढंच. हसत हसत बसायचं आणि एक झणझणीत शिवी हासडून निघायचं, की फिटलं.

तेच तिला नको होतं. हसून नेला, तर तालाईनं केलं तेही हसण्यावारी. सावेनाधानं उसाच्या ट्रकवर घालवलेला जन्म मग पुढच्या मयताला सांगायचा एक किस्सा: मी तिला अशी गंडवली, तिनं मला अशी. दोन्ही गावं हसतील. आणि तिला आतून जे होत होतं, ते हसण्यासारखं नव्हतं. आजवर कुणावर तिनं इतका डोळे झाकून विश्वास टाकला नव्हता. नवऱ्यावरही नाही.

तिनं दारावरचा हात काढला आणि निघून गेली.

"एक तरी शिवी दे की गं!" मागून तालाई ओरडला.

फंडातले उरलेले पैसे आणि चटया विकून आलेले, असं करून तिनं भंगारातला गिअरबॉक्स बसवला. भाग यायला महिना गेला. तोवर मोठ्या बाईंनी शाळेचं जेवण दुसऱ्या कुणाला दिलं. त्या वाईट वाटून म्हणाल्या, "मी तरी काय करू, वासे? पोरं जेवायची थांबत न्हाईत." निळी गाडी आता डोंगर चढत नाही. वासे ती चढाच्या पायथ्याशी तिठ्यावर उभी करते आणि मागचं दार उघडून येणाऱ्याजाणाऱ्याला जेवण विकते. जपानी बाईचा आवाज तिनं रामसमुझला सांगून बंद करून घेतला.

पावसाळा सरता सरता तिचा मामा, इलाईसा म्हातारा, गेला. चटया पडल्या, डुकरं कापली, चुली पेटल्या. उन्हं कलताना वाईसोमोकर चढावर दिसले. सगळ्यांच्या पुढं तालाई, अंगात बायकोचा फुलाफुलांचा झगा, डोक्यावर पातेलं, नाचत. बायांनी डोळे पुसले. मान वळवल्या. वासेकडं.

"काय गं दालोच्या साली!" तालाईनं पातेलं वाजवलं. "गाडी बंद पडली ती पडली, जीभ बी बंद पडली काय?"

हसू उठलं आणि मधेच थांबलं, कारण वासे चुलीपुढून उठली होती, पण हात कमरेवर नव्हते. तिनं ते झग्याला पुसले. ती चार पावलं खाली आली आणि वडीलधाऱ्यांपुढून जाताना वाकतात तशी वाकली.

"या," ती म्हणाली. "आपण आलात, बरं झालं. वाटेत त्रास नाही ना झाला?"

चुलीशी एका बाईनं हातातली पळी खाली ठेवली.

"आं?" तालाई हसला. "हे काय नवीन?"

"बसा. तुमच्यासाठी जागा केली आहे."

तिनं त्याच्यापुढं पान मांडलं. त्यावर माशाचं डोकं ठेवलं, लांबून आलेल्या परक्या पाहुण्याला देतात ते. वाईसोमोच्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तालाईकडं रोखून बघितलं.

"काय केलंस रं तू हिला?"

झग्यातच तालाई मांडी घालून बसला, पातेलं मांडीवर घेऊन. वासे पान नीट करायला वाकली तेव्हा तो एकट्या तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "वासे. एक तरी दे. घाण म्हण. खेकडा म्हण."

"पाणी आणू का?" वासेनं विचारलं, आणि पाणी आणायला गेली.