पाचाची एक

पोरगी तीन महिन्याची होती. आमच्या घरच्यांची, पोरीच्या बापाची, डुटी खापरखेड्याले, पावर हाउसात, ठेकेदाराकडं. सकाळी डब्बा घेऊन गेले का अंधार पडल्यावरच येत. दिवसभर खोलीत मी अन् पोरगी. नागपुरात मले कोणी ओळखत नव्हतं.

नळावरून पाण्याचा एक गुंड भरून आणला का छाती अशी धडधडे, का मी पायरीवरच बसून जाओ. वाटे, आता गेली मी. मी गेली त पोरगी रडत राहीन, दार आतून बंद, कोणाले ऐकू येईन? म्हणून मी दिवसा कडीच लावत नव्हती.

वस्तीतली आशा वर्कर ताई लसीचं सांगाले आली त तिले हे सांगतलं. तिनं माहं मनगट पकडलं, अंगठ्याखाली दोन बोटं ठेवली. "हे पाह्य, इथं ठोके लागते. अंगठ्यानं नको पाहू, त्याले स्वतःचीच नाडी राहते. आधी जराशी बसून राह्य, मग मोबाईलमंदी एक मिनिट लाव अन् मोज. उद्या आकडा सांग मले." तिले घाई होती, गेली.

दुसऱ्या दिवशी पोरीले निजवून बसली. सातवीत शाळा सुटली माही. पन्नासच्या पुढं गडबडते मी, आकडा आठवेपर्यंत ठोके पुढं निघून जाते. मग मायसारखं मोजलं. नरखेडकडं संत्र्याच्या बगीच्यात मी मायसंग तोडणीले जात होती. तिथं एकेक फळ नाही मोजत, पाच टाकले का एक म्हणते. तसंच पाच ठोक्याले एक धरलं. फोन लावला.

"ताई, बावीस आले."

ताई म्हणे, "बावीस? अवं, तू जित्ती आहेस न?"

"हो."

"उठू नको. मी येऊन राहिली."

तिचा आवाज ऐकून मी पोरीले भिंतीकडं सरकवलं अन् तिच्याकडं पाहात बसली. किती लहान तोंड होतं तिचं.

ताई धापा टाकत आली. मिनिटभर मोजलं. "एकशे दहा आहे वं! बावीस कुठून आणले?"

मी सांगतलं. ती हसतच सुटली. "हे काळीज आहे का संत्र्याचा ढीग?" मग माह्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली अन् हसणं बंद झालं. "पांढरी फट्ट आहेस. रक्त नाही अंगात." दवाखान्यात घेऊन गेली, तपासलं, गोळ्या सुरू झाल्या. "रोज मोज," म्हणे, "तसंच मोज, पण सांगताना पाचानं गुणून सांगत जाय."

रोज सकाळी मी फोन करो. शंभर, म्हणो. पंच्याण्णव, म्हणो. ती म्हणे, जेवली का? दिवसभरात तेवढंच कोणी इचारे.

दोन महिन्यानं सतरा आले. म्हणजे पंच्याऐंशी. धडधडही राहिली नव्हती.

"आज किती वं?"

मले समजलं, हे सांगतलं का रोजचा फोन सरला.

"एकशे पाच," मी म्हटलं.

दुपारी ती उन्हातून आली. मनगट पकडून पुरा मिनिट मोजलं. मी तिच्याकडं पाहूच शकली नाही. आकडा काही सांगतला नाही तिनं. चप्पल काढली, पोरीले मांडीवर घेतलं.

"चाय मांड," म्हणे.

मी मोठा गिलास काठोकाठ भरून दिला, प्याले वेळ लागावा म्हणून.