पाखरं शेजारीच उतरतात

आमच्या कळमनुरीत माझ्याइतकी नेटकी बाग दुसरी नाही आणि शेजारच्या निवृत्त कंडक्टरसाहेबांइतकं गबाळं अंगणही दुसरं नाही. तरी गावातली यच्चयावत पाखरं उतरतात ती त्यांच्याकडेच! हा अन्याय मी सहा वर्षं बघतो आहे आणि जळतो आहे. माझ्याकडे गुलाब, कापलेली हिरवळ, पाखरांसाठी नांदेडहून मुद्दाम आणलेलं संगमरवरी भांडं. त्यांच्याकडे माजलेलं गवत, फुटक्या माठाचा तळ आणि तारेला टांगलेली ज्वारीची कणसं. सकाळी सातभाईंचा थवा कणसांवर तुटून पडला की साहेब ओट्यावरून ओरडतात, "पुढं सरका, पुढं सरका! मागच्याला बी खाऊ द्या!" आणि मेले सरकतात! माझ्या भांड्यावर आजवर एक कावळा आला, तोही शिळी भाकरी भिजवून निघून गेला.

सार्वजनिक बागेत तरी बरोबरी व्हावी? तिथे मी फेऱ्या मारतो आणि ते माळ्याने जाळायला लोटलेला पाचोळा पोत्यात भरतात. "किड्याला घर नको व्हय, गुरुजी?" बाकावर टेकले की खार त्यांच्या चपलेवर चढते. त्याच बाकावर मी आठ दिवस शेंगदाणे घेऊन बसलो. एक शेळी आली.

यंदा मात्र नशीब फळफळलं. शिंजीर पक्ष्याची इवलीशी मादी माझ्या पोर्चमधल्या वेलीवर घरटं बांधू लागली. मी गल्लीभर सांगून आलो, साहेबांना दोनदा. पाहुणी येणार म्हणून पोर्च झाडला, कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं काढली. दुसऱ्या दिवशी पाहुणी गायब! साहेब बघायला आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "जाळे काहून काढले, गुरुजी? त्याच धाग्यानं तं ते घर शिवून राहिलं व्हतं!" मला अक्षरशः रडू आलं. संध्याकाळी ते जाळ्यांनी भरलेली एक फांदी घेऊन आले आणि माझ्या पोर्चमध्ये बांधून गेले. मादी परत आली, फांदीवरचे धागे चोचीत घेतले आणि कुंपण ओलांडून त्यांच्या बोरीवर नवं घरटं बांधलं!

आपल्या पोराने दुसऱ्याची काच फोडावी तसं तोंड करून साहेब दारात उभे राहिले. "म्या न्हाई बोलवलं तिला. खुर्ची टाकली हाय बोरीजवळ. येत जा." रागारागाने का होईना, मी रोज जाऊ लागलो.

परवा पिल्लं उडाली. मी निघायला उठलो, तर साहेब रिकाम्या घरट्याकडे बघत हळूच म्हणाले, "आता उद्यापासून तुमी बी येनार न्हाई." एवढ्या वर्षांत त्या अंगणात साहेबांखेरीज दुसरा माणूस मी पाहिलाच नव्हता, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मी पुन्हा खुर्चीत बसलो आणि कुंपणावरून घरी हाक मारून दोन कप चहा मागवला.