खापराची तिवई

भट्टी ही माझी हौस. सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये मी फिटर होतो, दिवसभर लोखंडच हातात, तरी सुट्टीच्या दिवशी घरामागच्या मोरीपाशी कोळसे पेटवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. बायको म्हणायची, लग्न माझ्याशी केलं की ऐरणीशी? ऐरण म्हणजे भंगारातून आणलेला रुळाचा तुकडा. भात्याऐवजी हाताने फिरवायचा पंखा होता, आणि तो फिरवायला तीच बसायची.

सुरतेत प्लेगची साथ आली, त्या दिवसांत पितृपक्ष चालू होता. गल्लीतली निम्मी घरं रातोरात गावी निघून गेली. दारोदार कुलपं दिसत होती. आम्हीही गेलो असतो, पण गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि माझ्या वडिलांच्या श्राद्धाचं ते पहिलंच वर्ष होतं. पितरांना खापरावरचे मांडेच लागतात, असं बायकोचं ठाम मत. खापर तिने माहेरून गोधडीत गुंडाळून आणलं होतं, पण एवढं मोठं पालथं मडकं आमच्या चुलीवर डुगडुगायचं. त्याला रुंद, भक्कम तिवई हवी होती. भंगारवाले सगळे बंद. माझ्याकडे नळजोडणीतून उरलेला पांढरा, चकचकीत पाईप पडून होता. म्हटलं, हाच तापवून वाकवू.

सकाळी भट्टी लावली. पाईप लालभडक होता होता त्याच्यावरून दाट पांढरा धूर निघाला, आणि कापूस पिंजल्यासारखं काहीतरी हवेत उडायला लागलं. मला ते बघायला मजा वाटली. मी वाऱ्याकडे पाठ करून उभा होतो, आणि ती पंख्याशी, बरोबर धुराच्या तोंडाशी. दोन तासांत तीन पाय वाकवून वरच्या गोल कडीला जोडले. जेवताना ती म्हणाली, तोंड गोड गोड लागतंय. मी हसलो.

तीन-चार वाजता ती भांडी तशीच टाकून आडवी झाली.

"माले हीव भरनं," ती म्हणाली. अंगावर दोन गोधड्या घातल्या तरी तिचे दात वाजत होते. मग कोरडा खोकला सुरू झाला. कपाळाला हात लावला, तर चटका बसला. ताप आणि खोकला, त्या आठवड्यात सुरतेत या दोन शब्दांचा एकच अर्थ होता.

गल्लीत काय काय बोललं जायचं! ताप आलेल्याला गाडी येऊन घेऊन जाते, घरच्यांना मग तोंडही दिसत नाही. खरंखोटं कोण तपासणार? मेडिकलवर धावलो, तर प्लेगवरच्या कॅप्सूल संपल्याची पाटी. परत आलो आणि जे केलं ते सांगायला आजही जीभ जड होते. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, वळसा घालून मागच्या दाराने आत आलो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, हेही गेले गावाला.

"दवाखानामा लई चाला," ती म्हणाली.

"थांब, उतरेल," मी म्हणालो.

तिने दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. तिला नेतील या भीतीने मी नाही म्हणत होतो, असं मी स्वतःला बजावत होतो. पण मग तोंडाला टॉवेल बांधून मी मागच्या उंबऱ्यावर का बसलो होतो? पाण्याचा तांब्या हातात न देता जमिनीवरून पुढे का सरकवला? तिने माझ्याकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं, आणि तांब्या उचलला. मी भीत होतो. तिच्यासाठी भीत होतो आणि तिलाही भीत होतो.

दिवस कलता कलता मी मोरीवर पाणी भरायला गेलो. भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी हटकलं. त्या लातूरकडच्या, कान तिखट.

"घराला कुलूप दिसलं की हो. मग आत कोण खोकायलंय?"

मी बादली नळाखाली सरकवली. "मीच, काकू. भट्टीचा धूर गेला घशात."

"असं का," म्हणाल्या, आणि त्यांची खिडकी लागल्याचा आवाज आला. आता या कुणाला तरी सांगणार, गाडी येणार, असं धरून मी रात्र काढली. गल्लीत स्कूटर वाजली तरी माझं अंग घामाने भिजायचं.

उजाडता उजाडता तिलाच घाम फुटला. ताप उतरला, इतका की सात वाजता ती चहा ठेवत होती. काय झालं, कसं गेलं, काही कळलं नाही. अमावास्येला तिने त्याच तिवईवर खापर चढवलं आणि मांडे केले, वडिलांच्या नावाने पान वाढलं. आता खापर तसूभरही हलत नव्हतं.

साथीत बंद पडलेली मिल पुन्हा सुरू झाली तेव्हा आमच्या म्हाताऱ्या गुजराती वेल्डरला मी पाईपची गोष्ट सांगितली. त्याने कपाळाला हात लावला. "अरे भाई, ए तो जस्तनो धुमाडो! ताव आवे, सवारे उतरी जाय." पाईपवर जस्ताचा थर असतो, त्याच्या धुराने रात्रभर ताप येतो, म्हणून तो जाळायचा नसतो, हे फिटरला ठाऊक नसावं याचंच त्याला हसू येत होतं. मला मात्र काकूंना मारलेली थाप आठवली. भट्टीचा धूर! त्या दिवशी मी खोटं म्हणून जे बोललो, तेवढंच खरं होतं.

घरी येऊन मी हे बायकोला रंगवून सांगितलं. वाटलं, ती हसेल, माझ्या हौसेला चार शिव्या घालेल. ती मोरीवर राखेने तिवई घासत होती. घासणं थांबवून तिने विचारलं,

"आन् तो ताप खरा प्लेगना ऱ्हाता, तर कुलूप काढं ऱ्हातं का तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. फार लवकर म्हणालो.

तिने मान हलवली, तिवई धुतली आणि उन्हात पालथी घातली. पुन्हा तिने तो विषय कधी काढला नाही. दर पितृपक्षात त्या तिवईवर मांडे होतात, ती पहिला मांडा माझ्या पानात वाढते, आणि घास घेण्याआधी मला भीती वाटते की ती पुन्हा विचारेल.