काळे डाग पडलेले बाण

बाण सदोष आहे की निर्दोष, हे नुसते पाहून ठरवता येते का? हा प्रश्न घेऊन मी बाण बनवणाऱ्या रूपसिंगबाबांच्या अंगणात गेलो. स्वागत झाले नाही. तालुक्याच्या तिरंदाजी स्पर्धेत परीक्षक म्हणून मीच त्यांच्या मुलीचे, जमनाचे, सगळे बाण बाद केले होते. बाणांच्या बांबूच्या काड्यांवर, पेरांपाशी काळे डाग दिसले आणि मी त्या किडक्या ठरवल्या. जमना एकही बाण न सोडता परतली होती.

“या गुरुजी, आता माझं धनुष्यही बाद करा,” बाबा म्हणाले. जमनाने माझ्याकडे पाहिलेही नाही.

बाबा सावलीत वाळवलेली बांबूची काडी निखाऱ्यावर धरून बसले होते. अशी काडी पेरापाशी वाकडी असते. म्हणून प्रत्येक पेर तापवायचे, अंगठ्यांनी दाबून सरळ करायचे आणि निवेपर्यंत सोडायचे नाही. डाग पडतो तो तिथेच. ज्याला मी कीड म्हटले, ती सरळ करण्याची खूण होती. खोडून खोडून अक्षर सुधारणाऱ्या किती मुलांच्या वह्या मी मळक्या म्हणून परत केल्या असतील, कोण जाणे.

“माझं चुकलं,” मी म्हणालो.

“इथं कशाला सांगता?” जमना उसळून म्हणाली. “बाद केलंत ते साऱ्या गावांसमोर. हे पण तिथंच बोला.”

म्हणून हे सर्वांसमोर लिहितो. माझ्या शब्दावर विसंबू नका. असा डागाळलेला बाण सपाट फळीवर घरंगळू द्या आणि तो न हेलकावता एकसारखा जातो का, म्हणजेच सरळ आहे का, ते स्वतः पाहा.