यंत्रात आधीच बसलेला पहारेकरी

बारामतीला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून मी इंदापुरात एका बाळंतपणाच्या दवाखान्यात कामाला लागले, तेव्हा मला तेविसावं चालू होतं. नव्वदच्या दशकाचा मध्य नुकताच उलटला होता. घर कन्हेरीला, वांगी-टोमॅटोच्या मळ्यात. रोज जाऊन-येऊन जमणार नव्हतं, म्हणून मी आत्याकडे राहायचे. डॉक्टरबाईंनी नवाकोरा कॉम्प्युटर पुण्याहून मागवला होता. काउंटरच्या मागच्या छोट्या खोलीत तो ठेवला होता. वर प्लॅस्टिकचं कव्हर, आणि चपला बाहेर काढूनच आत जायचं.

केसपेपर टाइप करणं हे माझं एक काम, आणि रक्त देणाऱ्यांची यादी सांभाळणं हे दुसरं. इंदापुरात तेव्हा आमच्या हाताशी रक्तपेढी नव्हती. रक्त लागलं की देणाऱ्यालाच बोलावून घ्यायचं आणि शेजारच्या लॅबवाल्यानं तपासून बाटली काढायची. डॉक्टरबाईंनी गावोगावच्या तयार माणसांची नावं, रक्तगट आणि फोन एका वहीत लिहिले होते. ज्याच्या घरी फोन नाही त्याच्या नावापुढे शेजाऱ्याचा किंवा किराणा दुकानाचा नंबर. ती वही मी कॉम्प्युटरवर उतरवली. पुढं टेलिफोन एक्स्चेंज बदललं आणि बहुतेकांचे नंबर बदलले. एसटीच्या कंडक्टरांकडे चिठ्ठ्या देऊन मी नवे नंबर गोळा केले, नवी माणसंही जोडली, ते सगळं थेट कॉम्प्युटरमध्येच. वहीत लिहायचे कष्ट घेतले नाहीत. प्रिंटरची रिबन केसपेपरलाच जेमतेम पुरायची. यादी पुरी झाली की एकदमच छापू, असं म्हणत राहिले.

त्या कॉम्प्युटरमध्ये आम्ही न मागितलेलं बरंच काही आधीच घातलेलं होतं. पत्त्यांचे खेळ, शुभेच्छापत्रं बनवायचं काहीतरी, आणि एक पहारेकरी. त्याचं इंग्रजी नाव आता आठवत नाही, मी त्याला पहारेकरीच म्हणायचे, कारण मशीन सुरू झालं की भाला घेतलेल्या शिपायाचं चित्र यायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘मी तुमच्या कागदपत्रांवर लक्ष ठेवून आहे.’ ते वाक्य मला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. मी नुसती बसलेली असले, हात मांडीवर, तरी डब्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागायचा आणि आतून खरवडल्यासारखा आवाज यायचा. आत कोण काय करतंय, ते मला दिसत नव्हतं.

एकदा धीर करून मी तो शिपाई काढून पडद्यावरच्या कचरापेटीत टाकला. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं, तर तो जागेवर उभा. मग पुण्याहून कॉम्प्युटरच्या दुकानाचा माणूस दुरुस्तीला आला तेव्हा त्याला विचारलं.

‘‘ते आतच असतं मॅडम. काढायचं नसतं. काढाल तर मशीन सुरू होणार नाही, आणि वॉरंटीही जाईल.’’

त्यानंतर मी त्याला हात लावला नाही.

काही आठवड्यांनी पहारेकरी विचारायला लागला, ‘तुमची कागदपत्रं माझ्या कपाटात सुरक्षित ठेवू का?’ खाली दोनच बटणं, ‘हो’ आणि ‘नंतर’. ‘नाही’ असं बटणच नव्हतं. मी रोज ‘नंतर’ दाबायचे. मग एका सकाळी ‘नंतर’चं बटण फिकट झालेलं, दाबलं तरी दबेना. बाहेर पेशंट ताटकळत होते, केसपेपर निघत नव्हते. मी ‘हो’ दाबलं. सगळ्या फायलींवर बारीकसं कुलूप उमटलं. पण त्या पहिल्यासारख्याच उघडत होत्या, म्हणून मी डॉक्टरबाईंना काही बोलले नाही. आपल्या हातून काही बिघडलं असेल आणि नोकरी जाईल, ही भीती जास्त होती.

तीनेक महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला डॉक्टरबाई ऑपरेशनच्या खोलीतून दारापर्यंत आल्या. हातमोजे रक्तानं भरलेले. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता.

‘‘ओ निगेटिव्ह कोण आहे आपल्याकडं? दुसरं रक्त तिला चालणार नाही. लगेच बोलाव.’’

‘‘दोघं आहेत बाई,’’ मी म्हणाले आणि आत धावले. चपला पायातच राहिल्या.

मशीन त्या सकाळी अजून लावलं नव्हतं, आणि ते सुरू व्हायला बरीच मिनिटं लागायची. त्या दिवशी शिपायाचं चित्र आलं आणि त्याच्या खाली नवीन चौकट. ‘आपली वापराची मुदत संपली आहे. आपली कागदपत्रं सुरक्षित आहेत. ती परत मिळवण्यासाठी सोबतचा फॉर्म भरून पाठवा.’ पत्ता परदेशातला.

मी चौकट बंद केली, ती पुन्हा आली. मशीन बंद करून सुरू केलं, पुन्हा तेच. त्या बाईचे सासरे, पांढरा फेटा बांधलेले, दाराशी येऊन उभे राहिले.

‘‘घावला का गं पोरी नंबर?’’

‘‘बघतेय, तात्या.’’

‘‘बघ बाय. आमाला ह्यातलं काय कळत न्हाय.’’

मलाही कळत नव्हतं, हे त्यांना कसं सांगणार? काउंटरवरून मी पुण्याच्या दुकानात फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

‘‘फॉर्म पोस्टानं पाठवा मॅडम. तीन-चार आठवड्यांत त्यांची किल्ली येते.’’

‘‘इथं बाई दगावेल हो.’’

तो म्हणाला, ‘‘आमच्या हातात नसतं ते. मशीनमध्ये आधीच घालून येतं.’’

कोर्सच्या सरांनी एकदा दाखवलं होतं की मशीन सुरू होतानाच त्याची तारीख मागं नेता येते. मुदत तारखेवर चालत असेल तर तारीख मागं नेऊन फसवता येईल, असं माझ्या मनात आलं. पण चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की तारखेत फेरफार केला तर कपाट कायमचं बंद होईल. मी ती ओळ दोनदा वाचली. विचारायला कुणी नव्हतं. घाईत एकेक आकडा चुकत होता. मी तारीख एक महिना मागं नेली.

पडदा काळा झाला, मग शिपाई आला. या वेळी खाली एकच ओळ होती, ‘फेरफार आढळला. कपाट बंद केलं आहे.’ बटण कसलंच नव्हतं.

मी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी जाऊन सांगितलं, ‘‘बाई, यादी गेली.’’

डॉक्टरबाईंनी मान वर केली नाही. दोन्ही हातांनी त्या पोट दाबून धरत होत्या. ‘‘पुण्याला गाडी पाठवलीय, पण ती यायला संध्याकाळ होईल. आठव. कोण होते ते दोघं?’’

ते दोघं नव्यानं जोडलेले, जुन्या वहीत नव्हतेच. मी सगळं स्वतः टाइप केलं होतं आणि मला एकही नाव आठवेना. शेवटी एवढंच आठवलं की एकापुढं वालचंदनगर लिहिलं होतं. तेवढ्यात भिंतीशी उभ्या असलेल्या वॉर्डातल्या मावशी बोलल्या.

‘‘वालचंदनगरचा? त्यो उंच सायेब व्हय? त्याच्या बायकूला हितंच जुळी झाली न्हाय का. तवाच म्हनत हुता, माजं रगत कुनाला लागलं तर सांगा.’’

जन्मांची नोंद मात्र कागदावरच व्हायची. डॉक्टरबाईंच्या कपाटातलं रजिस्टर काढून मी मागची पानं उलटत गेले. जुळ्यांची नोंद सापडली, पुढं कारखान्याच्या क्वार्टरचा नंबर. फोन लिहिलेला नव्हता. चिठ्ठीवर पत्ता उतरवून दिला आणि त्या बाईचा दीर मोटारसायकलवर निघाला.

मग वाट बघणं. तात्या बाकावर बसून राहिले. त्यांची मालकीण तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणीच त्या बाळाकडे बघत नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज आला की मी दचकायचे. मनात एकच चालू होतं, तो माणूस क्वार्टरमध्ये नसला तर? बदली होऊन गेला असला तर? आणि त्याच्याही खाली आणखी एक, की ‘हो’ मीच दाबलं होतं.

दीड वाजून गेल्यावर मोटारसायकल फाटकाशी आली. मागच्या सीटवर तो उंच माणूस, अंगावर कारखान्याचे खाकी कपडे, बाह्यांना तेलाचे डाग. कामावरूनच उठून आला होता. त्यानं विचारलं एवढंच, ‘‘कुठं झोपू?’’

त्याची बाटली चढली, आणि संध्याकाळी पुण्याहून आणखी दोन आल्या. ती बाई वाचली. नवव्या दिवशी बाळ घेऊन घरी गेली. जाताना तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला तो नको झाला.

पुण्याहून बाटल्या आल्या त्याच संध्याकाळी मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं होतं.

‘‘मला विचारायचं होतंस,’’ त्या म्हणाल्या.

‘‘तुम्ही रागवाल असं वाटलं.’’

‘‘रागावलेच असते. आता ते काढून टाक.’’

‘‘नुसतं निघत नाही, बाई. सगळंच पुसावं लागेल.’’

‘‘पूस.’’

रविवारी बारामतीहून कोर्सचे सर फ्लॉप्या घेऊन आले. त्यांनी मशीन साफ पुसलं आणि आम्हाला लागतं तेवढंच परत घातलं. पुसून होईपर्यंत मी खोलीच्या बाहेर उभी होते. कपाटात अडकलेली यादी तशीही परत मिळणार नाही हे माहीत असूनही मला ते बघवेना. पुढच्या खेपेला दुकानाचा माणूस आला तेव्हा शिपाई नाही बघून म्हणाला, ‘‘आतलं तुम्ही काढलंत, आता आमची जबाबदारी नाही.’’

‘‘त्या दिवशी तरी कुठं होती?’’ डॉक्टरबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

नवी यादी करायला मला वर्ष लागलं. सुट्टीच्या दिवशी एसटीनं गावोगाव फिरले, काटेवाडीपासून इंदापूरच्या टोकापर्यंत. बरेच जण सापडले, काही नव्यानं मिळाले. तो दुसरा ओ निगेटिव्ह कोण होता, ते मात्र कधीच कळलं नाही. लग्न ठरेपर्यंत आणखी दोन वर्षं मी तिथं होते. त्या काळात ओ निगेटिव्ह बाई नाव नोंदवायला आली की तिची बाळंतपणाची तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवायचे, आणि ती घरी जाईपर्यंत एकही रजा घ्यायचे नाही.